उचकी कुणाच्या नावाची

शिवकन्येनं आधी त्याचे पाय पाहिले. तेही आभाळाकडे केलेले.

हस्ताचा पाऊस असाच येतो — न सांगता, आडवा, अंगावर मूठभर वाळू फेकल्यासारखा. शिवारातल्या देवीची ओटी भरून दिंद्रुडकडे परतणारी शिवकन्या आणि तिची आत्या चतुराबाई पदर सावरत वाटेतल्या मळ्याच्या छपरात शिरल्या. आत कडब्याचा उबदार वास होता, कोपऱ्यात एक म्हैस रवंथ करत होती आणि मधोमध, घोंगडीच्या चुंबळीवर डोकं टेकवून, एक माणूस खांबासारखा उलटा उभा होता.

"उचक्!"

शिवकन्येनं पदर तोंडावर दाबला. पण उचकी काही पदराला भिणारी नव्हती. "उचक्!"

"उचकी लागली वाटतं," खालून आवाज आला. उलट्या माणसाचा असून अगदी सरळ, शांत.

"मला उचकी लागली," ती फणकारली, "तुमाला काय लागलंय असं उलटं व्हायला?"

"मी न्हाई उलटा. मला तर तुमी दोघीच छपराला चिकटलेल्या दिसायलाव."

ती हसली आणि हसताना पुन्हा उचकली. तसे ते पाय म्हणाले, "श्वास घ्यायच्या मागं लागू नका. आधी सोडा. हळू… अजून हळू… गरम दुधावर फुंकर घालतेत तशी."

परक्या माणसाचं, त्यातून परक्या पायांचं, ऐकायचं तिला काही कारण नव्हतं. तरी तिनं फुंकर घातली. लांब… पार संपेपर्यंत. आणि उचकी जी गेली ती परतलीच नाही.

पाऊस ओसरताच चतुराबाईंनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"त्यो राधाकिशनचा भाचा. बिभीषण. युसूफ वडगावचा. मिसरूड फुटायच्या आधीच एका साधूच्या मागं पळून गेलता, आता मामाच्या शेतात राबतोय. बैरागीच म्हण ना. त्याच्याकडं बघायचं न्हाई."

"मी कुठं बघितलं, आत्या? नुसते पाय तर दिसले."

"पाय बी बघायचे न्हाईत."

पण बघून झालं होतं. टाचा स्वच्छ होत्या. शेतात राबणाऱ्या माणसाच्या टाचा इतक्या स्वच्छ असतात कशा, याचा विचार शिवकन्येला घर येईपर्यंत पुरला.

हैदराबादेत नवे निजाम गादीवर बसले, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. गावात तेव्हा बोलायला विषय तसे कमी नव्हते. पण सुंदरराव देशमुखांच्या लेकीच्या उचकीएवढा टिकाऊ विषय दुसरा नव्हता. पोरगी दिसायला चांगली, कामाला चटपटीत, बोलायला नको तितकी हुशार. पण पाहुणे बघायला आले, ती पाटावर बसली, कुणी नाव विचारलं, की सगळा श्वास गळ्याशी गोळा व्हायचा आणि नावाऐवजी उचकी बाहेर पडायची.

नुसती उचकी असती तर पाण्याच्या घोटावर भागलं असतं. पण उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यावरचा उतारा तेवढाच ठाऊक : एकेकाचं नाव घेत जायचं, ज्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली. तेव्हा पाहुण्यांतल्या बाया हौसेनं नावं घ्यायला बसायच्या. मामा? उचक्. मावशी? उचक्. गेलेली आई? उचक्. नात्यातली नावं संपायची, उचकी संपायची नाही, आणि मग एखादी पोक्त बाई हळूच सुपारी कातरत म्हणायची, "नाव घेता येत न्हाई असा कुणीतरी असंल, बाई." झालं. पाहुणे दमणीत बसायचे, बैल वळायचे.

असा कुणी नव्हता, हे एकट्या शिवकन्येला माहीत होतं. पण नसलेल्या माणसाचा पुरावा आणायचा कुठून?

या सगळ्याची झीज सोसत होते सुंदरराव. बिनआईची लेक वाढवलेला बाप. रात्री डोळा लागेना, दिवसा काळीज धडधडे, जेवणाचं ताट तसंच परत जाई. बीडहून आठवडी बाजाराला येणारे अजीज हकीम त्यांना पुड्या देऊन देऊन थकले. शेवटी एक दिवस त्यांनी नाडी पाहिली आणि पुड्यांची पिशवीच बांधून टाकली.

"देशमुखसाब, तुमचं काळीज आजारी न्हाई, भेदरलेलं हाय. भेदरलेल्या घोड्याला दवा पाजतेत का? थापटतेत. तुमच्या श्वासाला थापटणारा एक माणूस मला माहीत हाय. उद्या सकाळी धाडतो. सबर ठेवा."

दुसऱ्या दिवशी सडा टाकून शिवकन्या मधल्या दाराशी आली, तर ओसरीवरच्या घोंगडीवर तेच पाय. या खेपेला खाली टेकलेले. तिनं नजर हळूहळू वर नेली. धोतर, बंडी, उन्हानं रापलेला गळा, आणि एक चेहरा… आत्यानं बघू नको म्हणून सांगितलं होतं ते उगाच नव्हतं.

"उचक्!"

त्यानं दाराकडे पाहिलं नाही. फक्त ओठाचा एक कोपरा हलला.

"देशमुखसाहेब," तो जरा मोठ्यानं म्हणाला, "पाठ ताठ. खांदे सैल. आधी श्वास सोडायचा… गरम दुधावर फुंकर घालतेत तसा. ओसरीवर बसून केलं तरी चालतं आन् दाराआड बसून केलं तरी चालतं."

अशी शिकवणी सुरू झाली. विद्यार्थी एक, असं गावाला दिसायचं. पहाटेचं दव सरता सरता बिभीषण यायचा. सुंदररावांना तो पोटानं श्वास घ्यायला शिकवी, घेतल्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला शिकवी. मग कानांवर बोटं ठेवून, ओठ मिटून, भुंग्यासारखा हुंकार. भ्रामरी. सुंदररावांचा आवाज मुळात पहाडी. पहिल्या दिवशी चतुराबाई झाडणी घेऊन धावत आल्या. घरात मधमाश्यांचं मोहोळ शिरलं असं त्यांना वाटलं.

शेवटी शवासन. "हातपाय सैल सोडा. कपाळ सैल सोडा. उद्याची फिकीर उद्याच्या दारात ठेवा." एवढं ऐकेपर्यंत सुंदरराव घोरायला लागलेले असत. ज्या माणसाला मऊ गादीवर झोप येत नव्हती, तो घोंगडीवर मेल्याचं सोंग करता करता खरोखर झोपे. आणि त्यांना उठवायचं नाही, असा हकीमसाहेबांचा सक्त हुकूम होता.

तेव्हा बिभीषणाला थांबावंच लागे. दाराआड शिवकन्येलाही थांबावंच लागे. सुपातले तांदूळ ती रोज त्याच वेळी निवडायची. चतुराबाई उंबऱ्यात बसून डोळे मिटायच्या. त्यांना ऐकू येत होतं की नव्हतं, हे त्या घरात कुणालाच कधी ठरवता आलं नाही, आणि चतुराबाईंची अर्धी सत्ता त्यातच होती.

"पावणे आल्यावर नेमकं काय होतं?" एकदा त्यानं भिंतीकडे बघत विचारलं.

"कुणी मानगूट धरल्यावानी होतं. समदे माझ्याकडं बघत असतेत… दात बघतेत, चालणं बघतेत. बाजारातल्या कालवडीवानी. मग श्वास वरच अडकतो."

"त्यांना बघू द्या की. तुमी त्यांच्याकडं बघू नका. तुमी श्वासाकडं बघा."

"आन् श्वासानं कुणाकडं बघायचं?"

तो घोंगडीचा काठ सारखा करू लागला. एवढ्या आसनांत याचं उत्तर नव्हतं. दाराआड तांदूळ खळखळले — ती हसत होती.

"साधूनं एवढं बी शिकवलं न्हाई का, बैरागीबुवा?"

"मी बैरागी हाय, असं मी कधी म्हणलं?"

"गाव म्हणतंय."

"गाव म्हणतंय म्हणून मला सोयरिकी येत न्हाईत. सुखानं झोप लागते."

"लागू द्या मग," ती म्हणाली. "आमी न्हाई कुणाची झोप मोडत."

ही तिची थाप होती. तिनं मोडलेली होती. त्या आठवड्यात राधाकिशनमामा पारावर सांगत होते, की भाचा अलीकडे रात्री उठून बैलांना वैरण टाकतो, तीही आधीच टाकलेली असताना.

दिवस कोरडे होत गेले. ज्वारी पोटऱ्यात आली. शिवकन्येचा श्वास लांबला. सकाळी दाराआड ताठ बसून ती डोळे मिटे, छातीतली घालमेल हळूहळू तळाशी बसे, गढूळ पाण्यातला गाळ बसावा तशी. मग वरचं पाणी नितळ दिसे. अडचण एवढीच, की त्या नितळ पाण्यात तिला रोज एकच तोंड दिसायचं. सुंदररावांच्या गालांवर मांस आलं. ते दोन भाकरी खाऊन वर ताक मागू लागले. नफ्यातोट्याच्या नजरेनं पाहणाऱ्यानं म्हटलं असतं, की सगळ्यांचं भलं झालं. भरवणारा बिभीषण तेवढा उपाशी राहिला.

आणि मग बीडचं स्थळ आलं.

मुलगा भारतराव, कचेरीत कारकून, उर्दू फाडफाड बोलणारा. घर चांगलं, माणसं चांगली. नाकारायला जागाच नाही असं स्थळ. सुंदररावांनी शवासन अर्धवट सोडून ही बातमी बिभीषणाला दिली. "आता पोरीला उचकी लागत न्हाई म्हणे, चतुरा सांगती. तुझ्यामुळं, बाबा. हे जमलं तर मी कायमचा सुखानं झोपीन." बोलता बोलता झोपलेसुद्धा.

दाराआड कुणी तांदूळ निवडत नव्हतं. सूप आज हलत नव्हतं.

"लागणार न्हाई उचकी," बिभीषण म्हणाला. "तुमचा श्वास आता पक्का झालाय."

"म्हणजे तुमी मला शिकवलं ते दुसऱ्याच्या घरी धाडायला."

"शिकवणाऱ्यानं मागं काही मागायचं नसतं."

"कावून?"

त्यानं तोंड उघडलं… आणि नुसताच श्वास घेतला. उथळ, अर्धा, शिकाऊ माणसासारखा. तिनं तो ऐकला.

"मी मुद्दाम उचकी काढली तर?" तिचा आवाज बारीक झाला. "एक उचकी काढली की दमणी वळती. मला सवय हाय."

"काढू नका." तो प्रथमच दाराकडे वळला. फटीतून तिला त्याचे डोळे दिसले, आणि ते अजिबात बैराग्याचे नव्हते. "तुमच्या आबांकडं बघा. लई दिसांनी माणूस झोपतोय. तुमच्या खोट्या उचकीनं त्यांचं काळीज पुन्हा उडंल… मग तुमी-आमी सुखानं श्वास घेऊ का?"

तुमी-आमी म्हणाला तो. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं. चतुराबाईंनी मात्र मिटल्या डोळ्यांनी मांडी बदलली.

पाहुणे आले त्या दिवशी आभाळ भरून होतं. मोसम सरल्यावरचा चुकार पाऊस वळचणीवरून टपटपत होता. ओसरीवर सतरंजी, पानाचा डबा, मोठ्या परातीत मुरमुऱ्यांचा वाफाळता सुशीला. सुंदररावांनी बिभीषणाला मुद्दाम बोलावून आपल्या बाजूला, खांबाशी बसवलं होतं. "काळीज उडालं तर धर मला," म्हणाले. हा धरणारा माणूस स्वतः कुणाच्या आधारानं बसला होता, ते खांबालाच माहीत.

भारतराव देखणा होता, अत्तर लावून आला होता, आणि छपराच्या गळतीखाली बसल्यानं अर्धा भिजला होता. त्याची आई सुभद्राबाई म्हणजे ऐसपैस, मोकळी बाई. तिनं शिवकन्येला जवळ बोलावलं. पाटावर बसवलं.

"नाव काय, बाळ?"

सुंदररावांनी डोळे मिटले.

शिवकन्येनं श्वास सोडला. हळू, अजून हळू. बघणारे बघत होते, बघोत. गाळ तळाशी बसला.

"शिवकन्या सुंदरराव देशमुख."

स्वच्छ, खणखणीत. मग स्वयंपाक, शिवण, पोथी वाचता येते का… सगळ्याला नीट उत्तरं. सुंदररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुभद्राबाईंनी खुशीत पिशवीतून नारळ काढला, साखरेचा पुडा काढला, पुड्याचा दोरा सोडला. तोंड गोड झालं की ठरलं. त्यांनी साखर चिमटीत घेतली —

"उचक्!"

चिमूट हवेत थांबली. सगळ्यांनी शिवकन्येकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"उचक्!"

खांबाकडून. ज्यानं या घराला श्वास सोडायला शिकवलं, तो बिभीषण तोंडावर उपरणं दाबून बसला होता आणि उपरण्यासकट उडत होता.

"अगं बाई!" सुभद्राबाई खूश झाल्या. नावं घ्यायची संधी अशी समोर चालून आली तर कोण सोडतं? "आई आठवण काढत असंल पोराची."

"उचक्!"

"राधाकिशन. मामा हाय त्याचा," चतुराबाई म्हणाल्या.

"उचक्!"

"त्याचे साधुमहाराज."

"उचक्!"

"म्हैस तर न्हाई?" भारतरावानं सुचवलं. सगळे हसले. बिभीषण सोडून. तो खाली मान घालून एकेक उचकी सोसत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

चतुराबाईंनी युसूफ वडगावच्या चुलत्यांपर्यंत नावं नेली. एकच नाव घेतलं नाही. विसरल्या, की राखून ठेवलं, कोण जाणे. पण शेवटचं नाव वाया गेलं तेव्हा त्या भाचीकडे बघत होत्या.

"नाव घेता येत न्हाई असं कुणीतरी असंल," सुभद्राबाई म्हणाल्या. तेच वाक्य. या ओसरीनं ते किती वेळा ऐकलं होतं.

शिवकन्येनं बापाकडे पाहिलं. त्या थकल्या, सुखावल्या चेहऱ्याकडे. खोटी उचकी काढायची नाही, हे तिनं मनोमन कबूल केलं होतं. खरं बोलायचं नाही, असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी या जागी उचकीच आली असती. आज श्वास पोटापर्यंत गेला, तिथं थोडा विसावला, आणि शब्द घेऊन सावकाश वर आला.

"आत्या," ती म्हणाली, "माझं नाव घेऊन बघा ना."



चतुराबाई घेईनात. कुणीच घेईना. तेव्हा तिनं स्वतःच घेतलं, खांबाकडे सरळ बघून. "शिवकन्या."

सगळे वाट बघत राहिले. उचकी आली नाही. वळचणीचे थेंब पडत राहिले, पण उचकी काही आली नाही. बिभीषणानं उपरणं खाली घेतलं आणि एक लांब श्वास सोडला… तो सोडायचा राहूनच गेला होता बहुतेक, छपरात ती शिरली त्या दिवसापासून.

मग सगळ्यांना सुंदररावांची आठवण झाली. ते छातीवर हात ठेवून ताठ बसले होते. चतुराबाई पाण्याला धावल्या. पण सुंदररावांनी दोन्ही कानांवर बोटं ठेवली, ओठ मिटले, आणि —

"म्म्म्म्म्म्म…"

अशी भ्रामरी घुमली की भारतराव दचकून गळतीखालून सरकला. हुंकार संपला. सुंदररावांनी डोळे उघडले.

"काळीज जागेवर हाय," ते जरा नवलानंच म्हणाले. मग बिभीषणाकडे वळले. "काय रे, तू तर बैरागी ना?"

"मी तसं कधी म्हणलं न्हाई, देशमुखसाहेब."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"तुमी झोपलेले असायचे," बिभीषण म्हणाला. "उठवायचं न्हाई, असा हकीमसाहेबांचा हुकूम होता."

सुंदरराव आधी हसले की आधी रडले, ते नक्की सांगता येणार नाही. मग त्यांनी सुभद्राबाईंपुढे हात जोडले. "वहिनी, तुमी एवढ्या पावसात लांबून आलाव. मव्हं तोंड न्हाई तुमच्याकडं बघायचं."

सुभद्राबाईंच्या चिमटीत साखर तशीच होती. त्यांनी एकदा लेकाकडे पाहिलं; तो सुशीला संपवत होता, काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही.

"देवानं वेळेवर सांगितलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यावर ह्यो गडी हितं उचक्या देत बसला असता आन् माझी सून तिकडं चपाती करपवत बसली असती. ये गं, बाळ. सोडलेला पुडा मी परत नेत न्हाई." आणि ती साखर त्यांनी शिवकन्येच्या तोंडात घातली. उरलेला पुडा चतुराबाईंच्या हाती दिला. "त्या खांबाला बी द्या थोडी."

बिभीषणाचं आणि देशमुखांचं, दोन्ही घराणी एका पंगतीची, राधाकिशनमामा तर आनंदानं पागोटं विसरून आले. पौषापूर्वी लग्न उरकायचं ठरलं.

त्याआधी एकदा, देवीला नवस फेडायला जाताना, शिवकन्या मळ्यातल्या छपराशी थांबली. चतुराबाईंच्या पायात नेमका त्याच वेळी काटा मोडला आणि त्या बांधावर बसून तो बराच वेळ शोधत राहिल्या.

तो आज सरळ उभा होता. म्हशीला वैरण घालत.

"एक विचारू? ती उचकी… खरी होती?"

"पहिली खरी होती. त्यांनी साखर उचलली आन् श्वास अडकला. तुमचा अडकायचा तसाच."

"आन् पुढच्या? तुमाला तर थांबवता येतेत."

तो पेंढीशी चाळा करत राहिला.

"थांबवता आल्या असत्या," शेवटी म्हणाला. "न्हाई थांबवल्या. म्हणलं, बघू… कुणी बरोबर नाव घेतंय का."

"लबाड!" ती हसली, अगदी पोटापासून. श्वासबिस सगळं विसरून — आणि व्हायचं तेच झालं.

"उचक्!"

"घ्या! आता कोण आठवण काढतंय? मी तर हितंच हाय."

"उचक्! थांबा… बघते नाव घेऊन." तिनं बांधाकडे पाहिलं. आत्याची पाठ होती. "लगीन झाल्यावर तुमचं नाव कुठं घेता येणार मला? तवर घेऊन ठेवते."

ती एक पाऊल जवळ आली. श्वास सोडला, गरम दुधावर फुंकर घालावी तसा, आणि त्या फुंकरीतच म्हणाली —

"बिभीषण."

उचकी थांबली. त्याचा श्वास मात्र, इतक्या वर्षांच्या साधनेनंतर, पार चुकला.